अंधेरीतला बॉयलर

पहिल्यांदा तो बॉयलर दिसला तेव्हा मला वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच कुणाची फाइल उघडली. कॉम्प्युटरवर मॉडेल करून उभी केलेली अंधेरीतली पाच मजली ऑफिसची इमारत, सांताक्रूझचं हवामान, आणि आकृतीच्या कोपऱ्यात एक बॉयलर. नुसता उभा नव्हता, चालत होता. रिपोर्टात 'हीटिंग'च्या रकान्यात बाराही महिने आकडे होते, मे महिन्यातसुद्धा. आमच्या मॉडेलमधली माणसं अंधेरीत भर मे महिन्यात शेकत बसली होती.

सोळा वर्षं मी एसीच्या साइटवर काढली. डिप्लोमा मेकॅनिकल, मग डक्टिंगवाल्याकडे सुपरवायझर, मग चिलरची, म्हणजे एसीसाठी पाणी थंड करणाऱ्या मोठ्या मशिनांची, कामं. इतक्या वर्षांत ऑफिसच्या इमारतीत बॉयलर बसवलेला मी एकदाही पाहिला नाही. हॉटेलात असतो, अंघोळीच्या पाण्याला.

तीन वर्षांपूर्वी एका साइटवर शिडीवरून घसरलो. गुडघ्याचं लिगामेंट गेलं आणि डॉक्टरांनी शिडी कायमची बंद केली. ऑफिसात बसायचं म्हणजे एकतर कोटेशनं करायची, नाहीतर इमारत किती वीज खाते याचा कॉम्प्युटरवर हिशोब करणाऱ्या, नव्याने सुरू झालेल्या एनर्जीच्या टीममध्ये जायचं. कोटेशनांचा मला मनापासून कंटाळा. म्हणून एनर्जी. तिथली टीम लीड माझ्याहून चौदा वर्षांनी लहान. मला 'सर' म्हणते, पण चूक दाखवायची असली की तिचा तो 'स...र' बराच लांबतो. गेल्या दीड वर्षात तो किती लांबू शकतो हे मी पुरेपूर ऐकून घेतलंय.

सॉफ्टवेअर म्हणजे एनर्जीप्लस. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचं, फुकट मिळणारं. 2001 साली आलं. त्याआधी त्यांच्याकडे दोन वेगळे प्रोग्राम होते, लष्कराच्या बाजूचा ब्लास्ट आणि ऊर्जा खात्याचा डीओई-2. त्या दोघांतलं चांगलं ते घेऊन हा बांधला. त्याला स्वतःचा चेहरा नाही. मजकुराची एक फाइल खायला घालायची, तो वर्षाचे 8,760 तास एकेक करून चावतो आणि दुसऱ्या फाइलींचा ढीग बाहेर टाकतो. माझ्यासारख्याला ते झेपणार नाही म्हणून आम्ही वरून ओपनस्टुडिओ वापरतो. त्यात निदान चित्रं तरी दिसतात.

लीडने पहिल्याच दिवशी सांगितलं, आधी कुठलीतरी स्वतःच्या ओळखीची जागा करून बघा. मी माझाच हॉल घेतला. डोंबिवलीत वरच्या मजल्यावर फ्लॅट, डोक्यावर पाच इंची स्लॅब, त्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा, पश्चिमेला खिडकी. एसी नाही. (सोळा वर्षं लोकांना थंड करणाऱ्या माणसाच्या घरात एसी नाही, यावर आमच्याकडे बोलणं झालेलं आहे. पुष्कळदा.) एप्रिलचा एक दिवस चालवून बघितला, तर स्लॅबची आतली बाजू सगळ्यात जास्त तापलेली रात्री आठच्या सुमारास. ऊन साडेबारा-एकला डोक्यावर आणि त्याची उष्णता घरात उतरते टीव्हीवर बातम्या लागायच्या वेळेला. मी उत्साहाने बायकोला लॅपटॉप दाखवला. ती म्हणाली, "हे सांगायला कॉम्प्युटर कशाला? पंख्याखाली झोपून बघ, वरून वाफा येतात." तिचं बरोबर होतं. पण तेव्हा मी ते नुसतं ऐकून सोडून दिलं, आणि पुढे तीन महिन्यांनी नेमकं त्यातच अडकलो.

पहिला महिना 'आयडियल लोड्स' नावाच्या गोष्टीवर गेला. ही एक काल्पनिक मशीन. तिला ना कॉम्प्रेसर, ना पाइप, ना मर्यादा. खोलीला जेवढी थंडी लागेल तेवढी ती हजर करते. इमारत किती उष्णता घेते हे कळावं म्हणून शिकणाऱ्याला आधी हीच देतात. काच, भिंती, माणसं, दिवे, सगळं भरून मॉडेल चालवलं की आकडा निघतो. मला वाटलं, झालं की! एवढंच होय?

मग लीड म्हणाली, "आता सिस्टम टाका."

सिस्टम हा माझा प्रांत. इथे मी सगळ्यांना शिकवीन अशी माझी समजूत होती. आणि पहिल्याच पानावर माती खाल्ली, कारण एक साधा शब्द, 'सप्लाय'.

साइटवर सप्लाय म्हणजे थंड पाण्याचा जाणारा पाइप, आणि रिटर्न म्हणजे गरम होऊन परत येणारा. लहान पोराला विचारलं तरी सांगेल. एनर्जीप्लसमध्ये सप्लाय हा पाइप नाहीच, ती बाजू आहे. पाण्याचा अख्खा फेरा मधोमध कापायचा. ज्या अर्ध्यात चिलर आणि पंप, ती सप्लाय साइड, मग त्यात जाणारा पाइपही आला आणि येणाराही. ज्या अर्ध्यात कॉइल, म्हणजे जिच्यावरून हवा जाऊन थंड होते ती नळ्यांची जाळी, ती डिमांड साइड. मी दोन दिवस रिटर्नचा पाइप डिमांडच्या बाजूला ओढायचा प्रयत्न करत होतो आणि सॉफ्टवेअर मला हाकलून देत होतं.

त्यात कॉइलचा घोळ वेगळाच. चिल्ड वॉटरची कॉइल हवेच्या फेऱ्यात सप्लाय साइडला बसते, कारण तिथे ती देणारी, हवा थंड करणारी. तीच कॉइल पाण्याच्या फेऱ्यात डिमांड साइडला, कारण तिथे ती मागणारी. बाई एकच, माहेरी लेक आणि सासरी सून. चिलरचंही तसंच. थंड पाण्याच्या फेऱ्यात तो देणारा, आणि गरमी बाहेरच्या हवेत सोडणाऱ्या कूलिंग टॉवरच्या फेऱ्यात आपली गरमी घेऊन टॉवरच्या दारात उभा, म्हणजे मागणारा. ही सासर-माहेरची उपमा मी लीडला सांगितली तेव्हा ती मनापासून हसली. पुढे नवीन आलेल्या दोन पोरांना तिने हेच सांगून शिकवलं, असं माझ्या कानावर आलंय.

आणि नोड. प्रत्येक वस्तूच्या आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या टोकाला नाव द्यायचं. पंपाच्या बाहेरच्या टोकाचं नाव आणि चिलरच्या आतल्या टोकाचं नाव अक्षर न् अक्षर एकच हवं. तरच त्याला कळतं की ही दोन जोडलेली आहेत. फाइलमध्ये हाताने एक बदल करताना मी एका नावात दोन शब्दांच्या मध्ये चुकून दोन वेळा स्पेस दिली. डोळ्याला काही दिसत नाही. त्याच्या लेखी मात्र फ्लँजमध्ये फट. 'फेटल' एरर, आणि सगळं बंद. साइटवर पाइप गळला तर निदान खाली पाणी दिसतं.

असं हाताने जोडून जोडून कंटाळलो तेव्हा मी पळवाट शोधली. ओपनस्टुडिओत तयार सिस्टम मिळतात, यादीतून ओढून टाकायच्या. मी भारदस्त नाव बघून एक निवडली, 'व्हीएव्ही विथ रीहीट'. चिलर आला, टॉवर आला, एएचयू (कॉइलवरून हवा थंड करून पंख्याने मजल्यावर ढकलणाऱ्या पेट्या) आले, सगळे नोड आपोआप जुळले. एरर शून्य. आणि त्यांच्याबरोबर, न बोलावता, तो बॉयलर आला.

तो का चालत होता, हे शोधताना खरं तर मी सिस्टम शिकायला लागलो. ही पद्धत अमेरिकेत सर्रास वापरतात. एएचयू सगळ्या मजल्याला एकाच तापमानाची हवा पाठवतो, साधारण 12.8 अंशांची. ज्या खोलीत गर्दी आहे तिथे जास्त हवा, रिकामी असेल तिथे कमी. पण कमी म्हणजे शून्य नाही. माणसांना ताजी हवा लागते म्हणून प्रत्येक खोलीच्या बॉक्सला एक किमान मर्यादा, माझ्या मॉडेलमध्ये 30 टक्के. आता रिकाम्या मीटिंग रूममध्ये दिवसभर 12.8 अंशांची हवा 30 टक्क्यांनी पडत राहिली तर काय होणार? खोली थंड पडत पडत 21 अंशांच्या खाली जाते. थर्मोस्टॅटवर हीटिंगचा आकडा 21 होता, तोही टेम्प्लेटबरोबरच आलेला. मग बॉयलर पेटतो, गरम पाणी बॉक्समधल्या कॉइलला जातं, आणि चिलरने नुकतीच थंड केलेली हवा पुन्हा गरम करून खोलीत सोडली जाते. आधी पैसे देऊन थंड, मग पैसे देऊन गरम.

आपल्याकडेही एसीच्या हवेने कुडकुडणारी माणसं असतातच. अकाउंट्समधल्या मॅडमच्या खुर्चीवर बाराही महिने शाल असते. भारतातल्या ऑफिसांची रीहीट कॉइल म्हणजे ती शाल. ती गॅस खात नाही आणि सॉफ्टवेअरमध्ये सापडत नाही.

मी बॉयलर डिलीट केला. तसा त्याच्या फेऱ्यातल्या सगळ्या कॉइल अनाथ झाल्या आणि 37 एरर आले. शेवटी ती सिस्टमच काढून टाकली आणि इमारतीत प्रत्यक्ष आहे तसं केलं. मजल्याला दोन एएचयू, प्रत्येक 20 टनांचा, असे दहा. प्लांट रूममध्ये 150 टनांचे दोन चिलर. गच्चीवर टॉवर. हाताने, एकेक नोड.

इथे थोडं टनांबद्दल. साइटवर आमचा ठोकताळा असायचा, दीडशे चौरस फुटांना एक टन. 40,000 फुटांच्या ऑफिसला हिशोबाने 267 टन, वर हातचे थोडे राखून 300. तसेच तिथे बसवलेत. एनर्जीप्लसला 'ऑटोसाइझ' सांगितलं तर त्याने 191 मागितले. आधी मला राग आला. मग इमारतीच्या ऑपरेटरचं लॉगबुक बघितलं. दुसरा चिलर वर्षातून लागतो तो एप्रिल-मेच्या दुपारी आणि ऑक्टोबर हीटमध्ये काही दिवस. बाकी वर्षभर एकटाच. म्हणजे आम्ही ठोकताळ्याने बसवलेली किती मशिनं आयुष्यभर नुसती उभी असतील, याचा हिशोब मी करायला घेतला आणि सोडून दिला. काही साइट माझ्याच होत्या.

नवीन मॉडेल चाललं. 'फेटल' एरर शून्य, 'सिव्हिअर' एरर शून्य. विजेच्या वापराचा पाय चार्ट काढला तर पंख्यांचा वाटा जेमतेम अडीच टक्के. मी खूश. 'या इमारतीचे एएचयू फारच कार्यक्षम आहेत' असं एक वाक्यही ड्राफ्ट रिपोर्टात लिहून टाकलं.

त्या रात्री लोकलमध्ये उभ्याउभ्या फोनवर सर्व्हेचे फोटो चाळत होतो. कळवा गेलं आणि तिसऱ्या मजल्यावरच्या एएचयूच्या मोटरची प्लेट समोर आली. साडेसात एचपी, 5.5 किलोवॅट. अशा मोटरी मी चेन पुलीने वर चढवल्यात, एकट्या माणसाला उचलत नाहीत. आणि माझ्या मॉडेलमधला पंखा किती खात होता? 472 वॅट. घरातला मिक्सर त्याहून जास्त खातो. मिक्सरच्या मोटरवर मी अर्धा मजला थंड करत होतो.

घरी येऊन जेवणाच्या टेबलावरच कागद घेतला. हिशोब सोपा आहे. हवेचा प्रवाह गुणिले दाब, भागिले कार्यक्षमता. 20 टनांना, टनाला 400 सीएफएमच्या (मिनिटाला इतके घनफूट हवा) हिशोबाने 8,000 सीएफएम, म्हणजे सेकंदाला 3.78 घनमीटर. कार्यक्षमता 60 टक्के. दाब? एएचयूच्या कागदावर स्टॅटिक 75 लिहिलेलं, मी 75 भरलं. पण आमच्या कागदांवरचं 75 हे मिलिमीटर असतं, पाण्याच्या उंचीचं. सॉफ्टवेअरला पास्कल हवे असतात. 75 मिलिमीटर म्हणजे साधारण 735 पास्कल. सोळा वर्षं मी स्टॅटिक मिलिमीटरमध्येच बोललो, ऐकलं, भांडलो. युनिट बघायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

735 टाकल्यावर पंखा 4.63 किलोवॅट झाला, म्हणजे 5.5 च्या मोटरला साजेसा. दहा पंखे, दिवसाला 10 तास, वर्षाला 300 दिवस धरले तर 1 लाख 39 हजार युनिट. माझ्या कार्यक्षम इमारतीत तेच 14 हजार होते. आणि यात एरर फाइलने एक चकार शब्द काढला नव्हता. नावात एक स्पेस जास्त पडली तर आकाशपाताळ एक करणारं सॉफ्टवेअर दाब दहापट चुकला तरी शांत. त्याचंही बरोबर आहे म्हणा. 75 पास्कलचा पंखा जगात असतोच. तो माझ्या इमारतीत नाही, हे त्याला कुणी सांगायचं?

ड्राफ्टातलं ते वाक्य मी लीडने बघायच्या आत खोडलं. तिला हे आत्ता इथे वाचून कळेल.

पंखे सुधारले आणि दुसरंच भूत उभं राहिलं. 'अनमेट अवर्स' म्हणजे माणसं आत असताना एखादी जरी खोली ठरलेल्या तापमानापर्यंत पोचली नाही, असे तास. ॲशरे या एसीवाल्या इंजिनिअरांच्या अमेरिकी संघटनेच्या 90.1 या मानकाच्या पद्धतीने मॉडेल करताना हे वर्षाला 300 च्या आत लागतात. माझे आले 1,127.

मी मशीनवाला माणूस. मशीन कमी पडतंय म्हटल्यावर मशीन मोठं करायचं. कॉइल वाढवली, हवा वाढवली. 1,127 चे 940 झाले. आणखी वाढवली, 905. लीड मागे येऊन उभी राहिली. "स...र, हे तास कधीचे आहेत ते बघितलंत का?"

नव्हते बघितले. तासातासाचे आकडे एक्सेलमध्ये ओतले, दिवसाप्रमाणे वेगळे केले. जवळजवळ सगळे सकाळी नऊ ते अकरामधले. आणि त्यातला मोठा वाटा सोमवारचा.

ऑफिस नऊला सुरू होतं म्हणून मी प्लांटही नऊला सुरू ठेवला होता. इमारतीच्या ऑपरेटरना फोन लावला. त्यांना सगळेच मामा म्हणतात, मीही म्हणतो. ते त्या प्लांट रूममध्ये अकरा वर्षं आहेत.

"मामा, तुम्ही प्लांट किती वाजता लावता?"

"सव्वासातला. सोमवारी साडेसहाला."

"सोमवारी का लवकर?"

पलीकडून जरा वेळ काही आवाज आला नाही. मी चेष्टा करतोय का याचा अंदाज घेत असावेत. "साहेब, रविवारभर बिल्डिंग बंद असते ना. तापून बसलेली असते. ती उतरायला वेळ नको?"

मला माझा हॉल आठवला. स्लॅब, कोबा, रात्री आठचा तो आलेख, आणि बायकोचं ते वाक्य. इमारत म्हणजे हवेचा डबा नाही. काँक्रीट, टेबलं, फायलींचे गठ्ठे, सगळं रविवारभर उष्णता पीत बसतं आणि सोमवारी सकाळी ओकतं. ऑटोसाइझलाही ते माहीत नव्हतं, कारण तो मशीनचा आकार ठरवतो 'डिझाइन डे'वर. एकच कडक दिवस पुन्हा पुन्हा चालवायचा, आकडे स्थिरावेपर्यंत. डिझाइन डेच्या जगात रविवार येतच नाही.

कॉइल पुन्हा होती तेवढी केली. वेळापत्रकात सव्वासात, आणि सोमवारसाठी वेगळी ओळ, साडेसहा. अनमेट अवर्स 212.

एवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मग विजेची बिलं आली. क्लायंटला काचा बदलायच्या की चिलर, हे ठरवायचं होतं, त्यामुळे मॉडेल आधी बिलांशी जुळायला हवं. ॲशरेच्या गाइडलाइन 14 प्रमाणे महिन्याच्या बिलांशी तुलना केली तर वर्षाचा एकूण फरक 5 टक्क्यांच्या आत असावा लागतो.

डिसेंबर ते फेब्रुवारी मस्त जुळलं. मार्च ठीक. एप्रिलपासून माझं मॉडेल बिलाच्या वर जायला लागलं ते ऑक्टोबरपर्यंत, सात-आठ टक्के, कधी नऊ. मे महिन्यात वर गेलं तेव्हा मी म्हटलं, काच. काचेतून ऊन जास्त येतंय असं आपण धरलंय. काचेचा आकडा कमी केला. मे जुळला, पण जानेवारी बिघडला. आणि जुलै ढिम्म हलेना. जुलैत अंधेरीत ऊन असतं कुठे? तरी फरक मे एवढाच.

ऊन नाही, तापमान 28, आणि तरीही मॉडेलचा चिलर घाम गाळतोय. घाम! तिथेच उत्तर होतं. हवेतलं पाणी.

सांताक्रूझच्या हवामानाच्या फाइलबद्दल एक सांगायला हवं. ते कुठलंही एक खरं वर्ष नसतं. जानेवारी एका सालचा, फेब्रुवारी दुसऱ्या सालचा, असे नेहमीसारखे वाटणारे महिने निवडून शिवलेली ती गोधडी असते. 26 जुलै 2005 ला याच सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस मोजला होता. तसला दिवस गोधडीत शोधायला जायचं नाही. पाऊस या प्रकरणात सॉफ्टवेअरला फारसा रसही नसतो. त्याला कळते ती आर्द्रता, आणि ती मात्र तिथे पोतं भरून असते.

पुन्हा कागद. जुलैची बाहेरची हवा 28 अंश, आर्द्रता 85 टक्के. आतली 24 अंश, 55 टक्के. एक किलो हवा बाहेरून आत घेऊन आतल्यासारखी करायची तर साधारण 30 किलोज्यूल काढावे लागतात. त्यातले तापमान चार अंश उतरवायला लागतात फक्त 4. उरलेले 26 हवेतली वाफ पाणी करून कॉइलवरून गाळायला. पावसाळ्यात एएचयूच्या ड्रेनमधून नळासारखं पाणी का वाहतं, हे मी सोळा वर्षं बघत होतो. ट्रॅप तुंबला की माझ्याच पोरांना शिव्या घालत होतो. पण त्या पाण्याला युनिटं लागतात, तीही हवा नुसती गार करण्यापेक्षा जास्त, हे असं आकड्यांत कधी मांडलं नव्हतं.

म्हणजे संशय ताज्या हवेवर. नियमाप्रमाणे मी माणशी 5 सीएफएम आणि चौरस फुटाला 0.06 धरली होती. 400 माणसं, 40,000 फूट, एकूण 4,400 सीएफएम. तेवढ्याच हवेचे जुलैत 20 टन होतात. मामांना पुन्हा फोन.

"मामा, फ्रेश एअरचा डॅम्पर किती उघडा असतो?"

"कुठला?"

"एएचयूच्या मागे, बाहेरची हवा येते तो."

"तो होय. तो बंदच असतो की. तार लावलीय त्याला."

"सगळ्यांना?"

"दहाच्या दहा. आधीच्या साहेबांनी बांधायला सांगितलेलं. बिल वाढतं म्हणून."

मॉडेलमधला डॅम्पर मी बंद केला, दाराखिडक्यांतून शिरणारी थोडी हवा तेवढी ठेवली. वर्षाचा फरक साडेतीन टक्क्यांवर आला. जुलै सुतासारखा सरळ. मला जो आनंद झाला तो वर्णन करण्यासारखा नाही, आणि त्याची जरा लाजही वाटली. कारण त्या जुळलेल्या आकड्याचा अर्थ असा, की 400 माणसं अकरा वर्षं, किंवा कधीपासून कोण जाणे, एकमेकांचीच हवा फिरवून फिरवून घेतायत. दुपारी तीनला तो अख्खा मजला पेंगताना मी सर्व्हेच्या दिवशी स्वतः बघितला होता. मला वाटलं होतं, कँटीनच्या जेवणाचा परिणाम.

लीड म्हणाली, दोन फाइली करा. एक आहे तशी, बिलांशी जुळवायला. दुसरी नियमाप्रमाणे ताजी हवा घेऊन, आणि काचा, चिलर यांच्या बचतीचे आकडे त्या दुसरीवर काढायचे. नाहीतर आपण तार बांधून केलेली बचतही आपल्याच खात्यात धरू. क्लायंटला हे कसं सांगायचं, ते ती बघणार आहे. ते काम माझ्याकडे नाही, याबद्दल मी गुडघ्याचे आभार मानले.

एनर्जीप्लसच्या फाइलमध्ये उद्गारचिन्ह टाकलं की त्या ओळीत त्यापुढचं काहीही सॉफ्टवेअर वाचत नाही. माणसांनी माणसांसाठी लिहायची ती जागा. सोमवारच्या साडेसहाच्या ओळीपुढे मी लिहून ठेवलंय, 'मामांना विचारून'. डॅम्परच्या ओळीपुढेही तेच.

काल मामांचाच फोन आला, कूलिंग टॉवरचं काहीतरी विचारायला. बोलता बोलता मी त्यांना दोन फाइलींचं सांगितलं. सगळं ऐकून घेतलं त्यांनी.

"मग साहेब, तार सोडू का?"

मी म्हटलं, "मामा, दोन दिवस थांबा. मॅडमना विचारून सांगतो."